भुशातील सरस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मंडळाने मजसारख्या केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिक्षकाला दिला, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. रसायनशास्त्रासारख्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार यत्किंचितही नाही. परंतु दिवाळीनंतरच्या सभेत जो प्रस्ताव पुढे आला, त्याविषयी कोणीतरी चार पुस्तके उघडून पाहावीत असे ठरले, आणि निवृत्त माणसापाशी वेळ मुबलक असतो या समजुतीने ते काम मजकडे आले. काय वाचले, काय पाहिले आणि काय करून पाहिले, एवढेच आज आपणापुढे ठेवतो.

प्रस्ताव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. एक गृहस्थ यंत्राचे चित्र घेऊन आले होते. आपल्या वखारींत, आरा गिरण्यांत आणि फर्निचरच्या कारखान्यांत भुशाचे आणि रंध्याच्या ढलप्यांचे ढीग पडतात. ते वीटभट्टीला कवडीमोलाने जातात. हा भुसा यंत्राच्या एका तोंडाने घालावा, दुसऱ्या तोंडाने लाकूड जोडण्याचा सरस काढावा, असे त्यांचे म्हणणे. यंत्रासाठी पैसा मात्र आपल्या शिक्षणनिधीतून काढावा, ही त्यातली ग्यानबाची मेख. सभेत टाळ्या पडल्या. मलाही ती कल्पना आवडली, हे मी लपवीत नाही. लाकडाने लाकूड जोडावे, यापरते सुताराच्या जातीला दुसरे काय आवडणार?

आपल्या घरांत सरस कसा होत असे, हे साठी उलटलेल्यांना सांगणे नको. जनावरांची कातडी आणि हाडे यांपासून केलेल्या त्या पिवळसर वड्या बाजारातून आणायच्या, रात्री पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी एका भांड्यातील पाण्यात दुसरे भांडे ठेवून मंद विस्तवावर विरघळवायच्या. उघड्या विस्तवावर उकळला तर सरसाचे बळ जाते, म्हणून आमचे वडील त्या भांड्याजवळून हलत नसत. वास असा की आई ते भांडे पडवीच्या आत येऊ देत नसे. सरस गरम असतानाच खाच-कुसाचा जोड बसवावा लागे, आणि तो बसला की जन्माचा बसे. पण कोकणातला पाऊस चार महिने चालतो. ओल लागली की तोच सरस पुन्हा मऊ पडे आणि खुर्चीचा पाय हातात येई. म्हणून जुने कारागीर सरसावर विसंबून न राहता जोडात लाकडी खुंटी ठोकीत. १९५९ साली मुंबईत पिडिलाइट कंपनी निघाली आणि तिच्या फेविकॉलच्या पांढऱ्या डब्याने हळूहळू हे भांडे चुलीवरून उतरविले. आमच्या पडवीतून ते केव्हा गेले, हे मला नेमके आठवत नाही. आईला मात्र नक्की आठवत असणार.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण माझ्या स्वतःच्या मनात तो कित्येक वर्षे होता. आजच्या सुताराला जो त्रास होतो तो या पांढऱ्या गोंदाचा, असे मी समजत होतो. तसे नाही. तो गोंद निराळ्या जातीचा. त्रास देणारा गोंद आपण डब्यातून ओततच नाही. तो प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांच्या पोटात कारखान्यातूनच भरलेला येतो. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनविले, त्या घराण्यातील गोंद तांबूस-काळसर असतो, पाण्याला दाद देत नाही, आणि पाण्यात टिकणाऱ्या भारी प्लायवूडमध्ये तो असतो. दुसरा गोंद युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइड यांचा. युरिया म्हणजे शेतात टाकतो तोच. हा गोंद स्वस्त, फिकट रंगाचा, चटकन घट्ट होणारा. म्हणून घरातील कपाटांचा पुष्कळसा माल त्याच्यावरच उभा आहे. त्याचा दोष असा की उष्णता आणि ओल लागली की तो सावकाश सुटत जातो आणि फॉर्मॅल्डिहाइडचा वायू बाहेर सोडतो.

हा वायू कोणता, हे आमच्या शाळेत शिकलेल्यांना एका वाक्यात कळेल. प्रयोगशाळेच्या कपाटात बेडूक आणि साप ज्या बरण्यांत बुडवून ठेवले होते, त्यांचे झाकण उघडताच जो वास नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणी, तोच हा.

माझा भाचा पुण्याकडे स्वयंपाकघराची तयार कपाटे करणाऱ्या एका कारखान्यात नऊ वर्षे आहे. गणपतीला घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि खोकला थांबत नव्हता. मी म्हटले, "जागरण झाले काय रे?" तो म्हणाला, "मामा, जागरण कसले? बोर्ड कापायच्या खोलीत उभे राहिले की असेच होते. सुट्टीत चार दिवसांत बरे वाटते, गेलो की पुन्हा सुरू." मालकाला सांगितलेस का, असे विचारल्यावर तो नुसता हसला. त्या हसण्यामुळेच मी या विषयात खोल शिरलो. यंत्राच्या प्रस्तावाने शिरलो असतो असे वाटत नाही.

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडची गणना मनुष्याला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केली. आणि, बंधुहो, हे ऐकायला कडू आहे, पण त्याच संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीलाही त्याच गटात बसविले होते. आपल्या वाडवडिलांनी जन्मभर जी धूळ पवित्र मानून अंगावर घेतली, ती निर्दोष नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी २०१० साली मर्यादा घालून दिली ती एका घनमीटर हवेत एक दशांश मिलिग्रॅम फॉर्मॅल्डिहाइडची. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळात घरे गेलेल्या लोकांना सरकारने चाकांवरची तात्पुरती घरे दिली. आत सगळा दाबून केलेल्या लाकडाचा माल. डोळे, घसा, दमा यांच्या तक्रारी आल्या. पुढे तेथील रोगनियंत्रण संस्थेने अशी ५१९ घरे तपासली, तेव्हा सरासरी एक अब्ज भाग हवेत ७७ भाग वायू आढळला, आणि ती तपासणी थंडीच्या दिवसांतली होती. उन्हाळ्यात तो वाढतो. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरचा दमट जून डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येतो. भुशापासून सरस निघतो की नाही?

निघतो, किंबहुना तो भुशात आधीच आहे. आपल्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या. काठ्यांनी भिंत उभी राहते, मातीने ती एकजीव होते. झाडाची रचना अगदी अशीच आहे. सेल्युलोजचे तंतू म्हणजे काठ्या, आणि त्यांना धरून ठेवणारे जे द्रव्य, त्याचे नाव लिग्निन. हे नाव द कँडोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली, लाकडासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून दिले. लाकडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा ते पाव-एक तृतीयांशाच्या मधला काही भाग, म्हणजे ठोकळ मानाने शंभरात वीस ते तीस, हे लिग्निन असते. सागाचा वासा शंभर वर्षे ताठ राहतो तो याच्या जोरावर. आणि त्याची घडण फिनॉलच्या घराण्यातली, म्हणूनच फिनॉलच्या जागी ते घालता येईल असे शास्त्रज्ञांना वाटले.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मला अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील लॉरेल गावी सापडला. तेथे विल्यम मेसन नावाचा, काही काळ एडिसनच्या हाताखाली काम केलेला, एक कल्पक मनुष्य होता. लाकूड गिरण्यांचे तुकडे आणि ढलपे वाया जातात हे त्याला पाहवेना. १९२४ च्या सुमारास त्याने ते तुकडे जाड भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवले आणि भांडे एकदम उघडले. बंदुकीचा बार उडावा तसा लाकडाचा कापूस बाहेर पडला. तो लगदा गरम यंत्रात दाबला, आणि बाहेरून काडीचाही गोंद न घालता टणक तक्ता तयार झाला. दाबयंत्राची वाफ चुकून चालू राहिली म्हणून हे घडले, अशीही गोष्ट सांगतात. वाफेने लिग्निन मऊ झाले, दाबाने पसरले, थंड होताच त्याने पुन्हा तंतू धरले. मॅसोनाइट नावाचा तो तक्ता पुढे जगभर गेला. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी रेडिओच्या आणि तसबिरीच्या पाठीला तपकिरी, एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला जाळीचे वळ असलेला तक्ता पाहिला असेल. तो याच जातीचा.

मग अडचण कोठे आली? अडचण अशी की मेसनने लिग्निन लाकडाबाहेर काढलेच नाही. जागच्या जागी वापरले. ते बाहेर काढून डब्यात भरायचे, तर काठ्या न मोडता भिंतीतली माती धुऊन काढण्याचा तो प्रकार होतो. नुसत्या पाण्यात भुसा आठ दिवस उकळला तरी ते येत नाही. कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र क्षार, मोठी उष्णता आणि बंद भांड्यातील दाब, एवढे सगळे लागते. कागदाच्या गिरण्या नेमके हेच करतात. डाल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या क्राफ्ट पद्धतीत लाकूड किंवा बांबू असा शिजवला की तंतू पांढरे होण्याच्या वाटेला लागतात आणि लिग्निन काळ्या पाण्यात उतरते. आपल्याकडे बल्लारपूरसारख्या ठिकाणी बांबूचा कागद झाला तो याच मार्गाने. जगात असे पाच ते सात कोटी टन लिग्निन दरवर्षी निघते असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक सगळे गिरण्या आपल्याच भट्टीत जाळून वाफ करतात. जाळण्यात मूर्खपणा नाही. त्याच आगीतून त्यांना सोडा परत मिळतो आणि गिरणी चालते.

फिनलंड देशात कोटका गावाजवळ सुनिला नावाच्या गिरणीत स्टोरा एन्सो कंपनीने २०१५ पासून या काळ्या पाण्यातून कोरडे, तपकिरी लिग्निन वेगळे काढण्यास आरंभ केला. वर्षाला पन्नास हजार टनांची ती योजना. त्याच देशातील यूपीएम कंपनीने प्लायवूडच्या गोंदातील निम्म्या फिनॉलच्या जागी लिग्निन घालून माल बाजारात आणला. निम्म्याच, सगळ्या नव्हे, हे लक्षात घ्या. कारण लिग्निन फिनॉलच्या घराण्यातले असले तरी त्याच्या हाताला रिकामी बोटे थोडी. फिनॉल जेवढ्या ठिकाणी दुसऱ्याला धरू शकते तेवढ्या ठिकाणी लिग्निनला धरता येत नाही, म्हणून गोंद घट्ट व्हायला वेळ अधिक लागतो. शिवाय ते दर झाडागणिक निराळे. देवदाराच्या जातीचे एक, सागाचे दुसरे, बांबूचे तिसरे. आपल्या वखारीतील भुशात तर सोमवारी आंबा, मंगळवारी साग आणि बुधवारी मलेशियाहून आलेले कसलेसे लाकूड असते! आणि सुनिलाची ती गिरणी परवडेना म्हणून २०२३ साली बंद झाली. लिग्निनचा शोध खोटा ठरला म्हणून ती बंद झाली, असे मी म्हणत नाही. पण एवढ्या भांडवलाला जे जड गेले, ते आपल्या शिक्षणनिधीला हलके जाईल असे सांगणाऱ्या गृहस्थांकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे, असे मला वाटले.

मी त्यांना दोन प्रश्न लिहून पाठविले. लिग्निन बाहेर काढण्यासाठी आपल्या यंत्रात कोणते द्रव्य घालावे लागते, आणि ते वापरून झालेले काळे पाणी कोठे सोडावयाचे? पहिल्याचे उत्तर आले, "ते आमचे गुपित आहे." दुसऱ्याचे आलेच नाही. आपल्या गावची नदी सर्वांना ठाऊक आहे. अधिक बोलत नाही.

आता दुसरी वाट. ही मला आपल्या आवाक्याजवळची वाटते. बाभळीच्या किंवा खैराच्या लाकडात ओलेपणी लोखंडी खिळा ठोकला तर खिळ्याभोवती काळा डाग पडतो, हे आपणांपैकी कोणाला सांगायला हवे? तो डाग टॅनिनचा. लोखंड आणि टॅनिन भेटले की शाई होते. हिरडा आणि हिराकस यांची शाई आमचे गुरुजी याच न्यायाने करीत. कातडे कमावण्यासाठी साल उकळून जो काढा करतात तेही हेच द्रव्य. याचेही घराणे फिनॉलचे, आणि रिकामी बोटे लिग्निनपेक्षा पुष्कळ अधिक. मुख्य म्हणजे हे गरम पाण्यात उतरते. क्षारांचा आणि दाबाचा खटाटोप नाही. आपल्या बाभळीची एक परदेशी चुलत बहीण आहे. तिला वॅटल म्हणतात. निलगिरीच्या डोंगरात इंग्रजांनी ती लावली. तिच्या सालीच्या काढ्यापासून दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत १९७० नंतर पार्टिकल बोर्डाचा गोंद होऊ लागला आणि तो चालला. तेथे साल हा वाया गेलेला माल नसून मुख्य पीक आहे, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा.

आणि आपल्या कोकणात खैर आहे. चिपळूण-सावर्डे भागात काताच्या भट्ट्या आहेत. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, काढा आटवून, थंड झाल्यावर जो घट्ट होतो तो पानातला कात. मागे जे गडद द्रव्य उरते त्यात टॅनिन भरपूर. पूर्वी कोळी लोक आपली जाळी त्यात बुडवून काढीत, म्हणजे ती कुजत नसत. काजूचेही तसेच. टरफलातील जे तेल बोटांची कातडी सोलून काढते, त्यातून कार्डानॉल नावाचे फिनॉलच्याच वंशाचे द्रव्य निघते, आणि फिनॉलचा काही भाग वाचविण्यासाठी ते प्लायवूडच्या गोंदात घालण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. बंगळूरला १९६२ साली प्लायवूडच्या संशोधनासाठी संस्था निघाली, तिचे काम या विषयात जुने आहे. चिंचोक्याच्या खळीचे तर विचारूच नका. धनगरांची घोंगडी तिच्यावर ताठ होते, पण पाण्यापुढे तिचे काही चालत नाही.

या सर्व वाचनानंतर माझे मत असे बनले आहे आणि ते मी कार्यकारी मंडळापुढे लेखी दिले आहे. यंत्रासाठी शिक्षणनिधीतील एक पैही काढू नये. ज्या मुलाला किंवा मुलीला रसायनशास्त्रात गती आहे, त्यांना त्याच निधीतून पदवीपुढे शिकवावे आणि बंगळूर किंवा देहरादूनला पाठवावे. आपल्यातील एखाद्याला हा सरस पुढेमागे करता येईल तो असा, चित्रातल्या यंत्राने नव्हे. काही सभासदांना हे पटले नाही. एका तरुण मित्राने मला सरळ विचारले, "गुरुजी, तुमची पोरे शिकून येईपर्यंत आम्ही काय भुसाच विकायचा?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. आपला भुसा आज विकावाच लागणार.

परंतु बोर्ड कापणाऱ्या आपल्या मुलांना मात्र तोवर थांबता येणार नाही. माल घेताना ई-१ अशी खूण पाहून घ्यावी. तिचा अर्थ, बंद खोलीतील तपासणीत दहा लाख भाग हवेत वायूचा एक दशांशाहून अधिक भाग नाही. कापलेली कड उघडी ठेवू नये, पट्टीने किंवा लेपाने बंद करावी, कारण वायू कडेतूनच अधिक सुटतो. कापण्याच्या यंत्रालाच भुसा ओढणारा पंखा जोडावा. तोंडाला बांधलेला पंचा धूळ थोडी अडवितो, वायू मुळीच अडवीत नाही. भाच्याच्या कारखान्यात असा पंखा बसला आहे, हे सांगावयास मला आनंद वाटतो. तो कसा बसला, हे त्याच्या नोकरीसाठी सांगत नाही.

शेवटी, व्यासपीठाच्या उजव्या बाजूस टेबलावर ज्या तीन पट्ट्या ठेवल्या आहेत त्यांविषयी. एका भट्टीवाल्या मित्राकडून काताच्या मागचे ते गडद द्रव्य आणले, महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी त्यात घालावयास हेक्झामाइन नावाची पांढरी पूड दिली, आणि भाच्याच्या ओळखीच्या कारागिराकडे गरम दाबयंत्रात सागाचे पातळ पापुद्रे जोडून पाहिले. पहिल्या पट्टीत नुसते गडद द्रव्य होते. ती रात्रभर बादलीत ठेवताच सकाळी सुटी झाली. दुसरीत पूड घातली होती. ती थंड पाण्यात आठ दिवस राहिली आणि अजून घट्ट आहे, हाताने ओढून पाहावी. तिसरीतही तेच मिश्रण. ती उकळत्या पाण्यात घातली. उत्तम प्लायवूडला अशा पाण्यात बहात्तर तास टिकावे लागते. आमची पट्टी सुमारे दीड तासाने एका कोपऱ्यातून उघडू लागली, आणि दुपारपर्यंत तिचे तीन पापुद्रे तीन दिशांना गेले. तिन्ही पट्ट्यांवर खडूने आकडे घातले आहेत. मुलांनी त्या हाताळाव्यात. दुसरी मात्र पुन्हा पाण्यात घालावयाची आहे, ती कोणी घरी नेऊ नये.